दंडावरचा ग्लुकोज सेन्सर, माझ्या पोटऱ्या आणि डॉ. हॉलोझी

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, दोन आठवडे चालणारा ग्लुकोज सेन्सर मी मिरजेतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडून मागवून घेतला. चार-पाच हजारांच्या घरात पडतो. मधुमेह मला बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. सगळी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे भिशीतल्या मैत्रिणी, शेजारपाजारचे, आमचे धाकटे दीर, सगळे मलाच विचारतात, “एवढे पैसे घालावेत का?”

घालावेत. एकदा जरूर घालावेत. फक्त ताटातल्या पदार्थांवर पाळत ठेवायला हा सेन्सर घेऊ नये. जेवल्यावर आपल्या मांड्या-पोटऱ्या रक्तातल्या साखरेचं काय करतात, हे बघायला घ्यावा. असं मी का म्हणते ते सांगताना अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जॉन हॉलोझी या शास्त्रज्ञाबद्दल बरंच लिहावं लागणार आहे. या वस्तूला नेमकं काय विचारायचं, हे मला त्यांच्या कामातूनच कळलं.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. दोन बोटांवर मावेल एवढी चकती, खाली अगदी बारीक लवचीक तार. ती जेमतेम पाच मिलिमीटर कातडीखाली जाते. लावायचं साधन दंडावर ठेवून दाबलं की खट्ट आवाज होतो, सुई मागे येते आणि तार आत राहते. टोचलेलं कळलं, दुखलं म्हणण्यासारखं नव्हतं. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. साखरेशी त्याची क्रिया झाली की अतिसूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, तो मोजून आकडा फोनवर येतो. कल्पना जुनी आहे. एन्झाइम बसवलेल्या इलेक्ट्रोडने ग्लुकोज मोजता येईल हे लीलंड क्लार्क यांनी 1962 मध्ये मांडलं होतं. ती आज दंडावर चिकटवून आंघोळ करता येते, भांडी घासता येतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

हा आकडा रक्तातला नसतो. पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातला असतो, आणि तो रक्ताच्या पाच-पंधरा मिनिटं मागे चालतो. साखर स्थिर असताना याने काही बिघडत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा मात्र बोट टोचून येणारा आकडा आणि हा आकडा जुळत नाहीत, आणि लोक सेन्सर खराब आहे म्हणून ओरडतात. तो खराब नसतो. पहिल्या दिवसाचे आकडे मात्र मनावर घेऊ नयेत. तार आत गेल्यावर तिथल्या ऊतीला स्थिरावायला वेळ लागतो.

बायकांसाठी एक सूचना, जी कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडली नाही. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर चकतीची कड तिच्यात अडकते. सेन्सर थोडा वर, बाहीच्या आत पूर्ण झाकला जाईल असा लावा, किंवा ते दोन आठवडे सैल बाहीचे कपडे वापरा. त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे तिथला द्रवप्रवाह कमी होतो आणि रात्री दोन वाजता फोन साखर 60 झाल्याचं सांगत किंचाळतो. कूस बदलली की थोड्या वेळाने आकडा पूर्ववत होतो. घाबरून साखर खाण्याआधी बोट टोचून खात्री करावी. आणि डब्यावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तो डबा दुकानात कुठल्या फळीवर ठेवला होता, हे विचारून घ्यावं.

आता मुख्य मुद्दा.

आमच्या प्रात्यक्षिकांत पूर्वी बेडकाची पोटरी असायची. स्नायू आणि त्याला जोडलेली नस काढून, विजेचा हलका झटका देऊन, काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमवर त्याच्या आकुंचनाची रेघ उमटवायची. पुढे ते प्रयोग बंद झाले, त्यांच्या जागी संगणक आले, आणि बेडकांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण शरीराबाहेर काढलेला, मेंदूपासून, हृदयापासून, स्वादुपिंडापासून तुटलेला स्नायू आपलं काम करत राहतो हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला जॉन हॉलोझी यांचा 1965 चा प्रयोग चटकन समजतो.

हॉलोझी मूळचे व्हिएन्नाचे. जन्म 1933 चा. वैद्यकीय शिक्षण सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालं. त्यानंतर इलिनॉयमध्ये त्यांनी मध्यमवयीन पुरुषांना सहा महिने व्यायाम देऊन रक्तातल्या चरबीवर काय परिणाम होतो ते पाहिलं. तो निबंध 1964 चा. तिथून ते पुन्हा सेंट लुईसला आले आणि 2018 साली निधन होईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ, तिथेच राहिले. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी साखर आणि ग्लायकोजेन यांचं गणित सोडवून 1947 चं नोबेल मिळवलं ते याच विद्यापीठात. साखर पेशीत शिरते कशी, या प्रश्नाची परंपरा तिथे होतीच.

हिरोमिची नाराहारा यांच्यासोबत हॉलोझींनी बेडकाच्या मांडीचा स्नायू घेतला आणि त्याला झटके देऊन आकुंचन पावायला लावलं. साखर म्हणून त्यांनी साधं ग्लुकोज न वापरता 3-मेथिलग्लुकोज वापरलं. ही साखर पेशीत ग्लुकोजच्याच वाटेने शिरते, पण आत गेल्यावर जळत नाही. त्यामुळे आत किती गेलं आणि आत किती खर्च झालं हे दोन प्रश्न वेगळे होतात. विद्यार्थ्यांना हे सांगताना मी दर वर्षी इथे थांबत असे, कारण चांगला प्रयोग म्हणजे काय हे याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही. उत्तर असं आलं: स्नायू आकुंचन पावला की त्याचं दार साखरेसाठी उघडतं. इन्सुलिन न घालता. आणि काम थांबल्यावरही ते काही काळ उघडं राहतं.

ज्यांच्या शरीरात इन्सुलिन असूनही त्याचा आवाज स्नायूंना नीट ऐकू जात नाही, अशा माझ्यासारख्यांसाठी याचा अर्थ केवढा मोठा आहे! इन्सुलिनला दाद न देणारा स्नायू स्वतःच्या हालचालीला दाद देतो.

एक शंका बरीच वर्षं राहिली होती. व्यायामात साखर आत जायला इन्सुलिन थोडं तरी लागतंच, असं अनेकांना वाटत असे. स्टॉकहोमच्या हॅरिएट वॉलबर्ग-हेन्रिक्सन हॉलोझींसोबत काम करत होत्या. त्यांनी तीव्र मधुमेह झालेल्या उंदरांचे स्नायू घेतले. आकुंचनानंतर त्या स्नायूंनीही जास्त साखर ओढून घेतली. 1984 ची गोष्ट. पुढे या बाई कॅरोलिन्स्का संस्थेच्या प्रमुख झाल्या. (यावरून कुणी व्यायाम करतो म्हणून इन्सुलिन बंद करायला निघू नये. इन्सुलिनअभावी साखर फार चढलेली आणि लघवीत कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) असताना व्यायाम धोक्याचा असतो. स्नायू साखर घेईल, पण यकृत आणि चरबी यांना आवरायला इन्सुलिनच लागतं.)

सेन्सर लावल्यावर मी हेच विचारायचं ठरवलं. जेवण तेच ठेवलं: ज्वारीची भाकरी, आमटी-भात, एक भाजी. वेळ तीच, गोळ्या त्याच. एकदा जेवून खुर्चीत पेपर वाचत बसले. साखर चढत चढत 190 ला टेकली आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळली. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, आणि हात धुतल्यावर अर्धा तास कॉलनीतच रमतगमत फेऱ्या. 155 च्या पुढे गेली नाही. चालायला सुरुवात करून दहा-बारा मिनिटं होईपर्यंत आलेखात काही दिसत नाही, कारण तो मागे चालतो. मग रेघ वाकते. त्या वाकण्याकडे बघताना मला आमच्या प्रयोगशाळेतला ड्रम आठवला आणि खरंच भरून आलं. सगळं आयुष्य जे फळ्यावर काढलं, ते माझ्या स्वतःच्या दंडावर चालू होतं.

पाऊस असेल तर चालायचं कसं? खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला धरून टाचा उचलणं, हे स्वयंपाकघरात होतं. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू शरीरातले मोठे, त्यांना कामाला लावलं की परिणाम दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी टाचाच उचलाव्यात. माझा आकडा यानेही उतरला, चालण्याइतका नाही, पण उतरला.

नरसोबाच्या वाडीला गेलो होतो तेव्हा बासुंदी खाल्ली. छोटी वाटी, आणि लगेच घाटाच्या पायऱ्या उतरून-चढून बरंच फिरले. पुरणपोळीच्या दिवशी पाहुणे असल्यामुळे जेवून बसूनच राहिले. बासुंदीच्या दिवशीचा आलेख पुरणपोळीच्या दिवसापेक्षा खूप सौम्य होता. दोन्ही गोड, दोन्हींत फरक भरपूर, तुलना शास्त्रीय नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण लोक सेन्सर लावून आधी पदार्थांना दोष देतात आणि त्यानंतर आपण उठलो की बसलो हे टिपूनच ठेवत नाहीत.

एक गोष्ट बघून घाबरू नका. घाईघाईने तीन मजले चढले तेव्हा साखर उतरायच्या ऐवजी वीस-पंचवीसने चढली. जोराच्या श्रमात अॅड्रेनॅलिन वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ती थोड्या वेळाने खाली येते. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने असाच आकडा बघून जिना सोडून दिला होता. तिला मी हा आलेख दाखवून परत चढायला लावलं.

सेन्सरचा दुसरा आठवडा सुरू झाला आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. सकाळचं फिरणं बंद. घरातले टाचांचे व्यायामही मी मुद्दाम थांबवले, कारण मला हॉलोझींच्या प्रयोगशाळेतला 1983 चा अभ्यास आठवत होता. त्यांनी नियमित कसून व्यायाम करणाऱ्या माणसांना दहा दिवस व्यायाम पूर्ण बंद करायला सांगितला आणि ग्लुकोज पाजून तपासलं. तीच साखर आवरायला आता जवळजवळ दुप्पट इन्सुलिन लागत होतं. माणसं तीच, वजन जवळपास तेच, फक्त दहा दिवस बसून काढलेले. आणि त्याहून सुंदर भाग पुढे: व्यायामाचा एकच दिवस दिला, तर गाडी बहुतेक पूर्वपदावर आली.

माझंही तसंच झालं. काही दिवस घरात बसल्यावर तेच भाकरी-आमटी-भाताचं जेवण, जेवून तशीच खुर्चीत बसले, तर आकडा 215. उघडीप पडल्यावर संध्याकाळी कृष्णेच्या बाजूला तासभर चालून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच जेवण, पुन्हा खुर्ची, आणि साखर 190 च्या आसपास. हा एका बाईचा आलेख आहे, शास्त्र नव्हे. पण त्या एका चालण्याचा हिशेब दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंत पुरतो, हे मला माझ्या फोनवर दिसलं.

याचं कारणही त्याच विद्यापीठाच्या आवारात सापडलं आहे. स्नायूत साखर आत घेणारं ग्लुट-4 नावाचं वाहक प्रथिन असतं. त्याचा जीन ओळखणाऱ्या गटांपैकी एक, 1989 मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातला होता. हालचालीने हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि व्यायामानंतर स्नायू ते जास्त संख्येने बनवूही लागतो. हॉलोझींच्या गटाने पोहायला लावलेल्या उंदरांत ही वाढ एक-दोन दिवसांतच दाखवली.

ज्या कामासाठी त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत आहे ते 1967 चं. तोवर, कसरत केल्याने स्नायूच्या पेशीतली यंत्रणा बदलते की नाही यावर खात्री नव्हती. आधीच्या काही प्रयोगांत काहीच फरक दिसला नव्हता, कारण त्या उंदरांना दिलेले श्रमच कमी होते. हॉलोझींनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं, आठवडे गेले तसं वेळ आणि वेग वाढवत नेला. स्नायूंमधल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांची, प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर फ्रँक बूथ, विल्यम विंडर, केन बाल्डविन अशी एकाहून एक माणसं त्यांच्या प्रयोगशाळेतून घडली.

मला स्वतःला त्यांचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो मात्र 2008 च्या निबंधासाठी. तेव्हा जगभर एक मत रूढ होत होतं की मायटोकाँड्रिया कमी पडतात म्हणून स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. ज्या माणसाने मायटोकाँड्रियांवर नाव कमावलं त्याला हे मत किती सोयीचं होतं! त्यांनी उंदरांना चरबीयुक्त आहार दिला आणि दाखवलं की इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते, तरी मायटोकाँड्रिया वाढलेले असतात. म्हणजे दोष तिथे नाही. पंचाहत्तरीत आपल्याच विषयाचं महत्त्व पुराव्यानिशी कमी करणारा माणूस. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा निबंध शोधून वाचायला लावायचे.

पुण्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्यांच्यात मुख्यतः स्नायू कमी आणि चरबी तुलनेने टिकून, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं. आपण बारीक दिसतो म्हणून निर्धास्त राहतो. इन्सुलिनच्या प्रभावाखाली जी साखर शरीरात सामावली जाते तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात, आणि आपल्याकडे मुळात तीच कोठी लहान. म्हणून सेन्सरचे दोन आठवडे भाताला शिव्या देण्यात घालवणं मला हळहळ वाटण्यासारखं वाटतं.

आता त्या ॲपबद्दल नाराजी. माझ्या सेन्सरसोबतच्या ॲपमध्ये जेवण टिपायला भलीमोठी जागा, पदार्थांची यादी, फोटोची सोय. व्यायामाला एक छोटंसं चिन्ह. चालले की जिना चढले, जेवणाआधी की नंतर, हे लिहायला धड जागा नाही. मी शेवटी वही घातली: वेळ, जेवण, किती वेळ बसले, किती चालले. तुम्हीही वहीच ठेवा. मराठी पर्यायही त्या ॲपमध्ये नव्हता, आणि माझ्या वयाच्या बहुतेक बायकांना तो लागतो.

दुसरा सेन्सर लगेच लावायची मला गरज वाटत नाही. गोळ्यांवर असलेल्यांना वर्षातून एकदा पुरे, बाकी वेळ साधा ग्लुकोमीटर: जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी, एकदा बसून, एकदा चालून. इन्सुलिन घेणाऱ्यांचं वेगळं, त्यांना हे उपकरण सतत उपयोगी पडू शकतं. वस्तूला माझे पाचपैकी चार गुण. एक गुण ॲपसाठी कापला आहे.

परवा भाऊजींचा फोन आला, “वहिनी, मीही मागवलाय. कधी लावू?” ते इन्सुलिन घेतात. त्यांना सांगितलं, आधी डॉक्टरांकडे जाऊन चालण्याच्या दिवसांत डोस कसा ठेवायचा ते विचारा, फिरताना खिशात साखरेच्या पुड्या ठेवा, आणि पहिले दोन दिवस रोजच्यासारखेच वागा, म्हणजे नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची ते तुमच्याकडे राहील. गुरुवारी त्यांची डॉक्टरांशी भेट आहे, वही मी त्यांना देणार आहे.